टाळी नेमकी कशाला पडते?

संगीत नाटक आज बहुतेक मराठी माणसांना भेटते ते मैफलीच्या रूपात. रंगवलेले पडदे नाहीत, मुकुट-शेले नाहीत. मागे नाटकाच्या नावाचा फलक, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला ऑर्गन, मध्ये तीन-चार गायक-गायिका आणि कडेला निवेदक. निवेदक कथेतले चार शब्द सांगतो, गायक पद म्हणतो, टाळ्या होतात, की पुढचे पद. गणेशोत्सव असो, दिवाळी पहाट असो की एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन, साचा हाच. अशा कार्यक्रमानंतर कोण कसे गायले यावर पुष्कळ बोलले जाते. समोरचे लोक कसे ऐकत होते, कुठे हसले, कुठे गप्प झाले आणि टाळी नेमकी कुठे दिली, यावर मात्र फारसे कुणी बोलत नाही. मला वाटते, संगीत नाटकाच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे. कारण या नाटकाचे संपादन अगदी सुरुवातीपासून प्रेक्षकांनी केले आहे. कोणते पद टिकले, कोणते गळाले, कोणते पसरून मैफलीच्या चिजेएवढे झाले, हे नाटककाराच्या लेखणीने जेवढे ठरवले त्याहून जास्त लोकांच्या दादेने ठरवले. पदांची मैफल हा त्याच संपादनाचा आजचा टप्पा आहे. आज आपण कशाला टाळी देतो, त्यावर संगीत नाटकातले उद्या काय शिल्लक राहील हे ठरणार आहे.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या रसिकांपुरता नाही. वारणानगरच्या माणसाने त्यावर हक्काने बोलावे अशी त्याची जागा आहे. पन्हाळा तालुक्यातल्या या गावाची महाराष्ट्रभर ओळख आहे ती साखर कारखान्यामुळे, दूध संघामुळे आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या पसाऱ्यामुळे. पण वारणेच्या पाण्याची वाट धरून खाली गेले, तर मराठी रंगभूमीचा निम्मा इतिहास त्या वाटेवर आणि तिच्या आसपास सापडतो. सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत जाऊन ही नदी हरिपूरजवळ कृष्णेला मिळते. हरिपूर म्हणजे ‘शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे गाव. तिथून हाकेच्या अंतरावर सांगली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली संस्थानिकांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केले ते तिथे, आणि ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मले तेही तिथे. दुसऱ्या अंगाला कोल्हापूर. ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे कोल्हापूरचे, ‘ललितकलादर्श’ काढणारे केशवराव भोसले कोल्हापूरचे. ज्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचा संस्कार नाट्यपदांवर उतरला, तेही शाहू महाराजांच्या पदरी होते. महाराजांनी नाटकासाठी पॅलेस थिएटर आणि कुस्तीसाठी खासबाग मैदान शेजारी शेजारी बांधून घेतले, यावरूनच इथल्या प्रेक्षकाची ठेवण कळते. कुस्तीच्या फडात बसून डाव ओळखणारा आणि नाटकात बसून तानेची जागा ओळखणारा माणूस इथे एकच होता. दाद द्यायची तर समजून आणि मोकळ्या गळ्याने, ही या मुलखाची रीत.

संपादनाची गोष्ट सुरू होते अण्णासाहेब किर्लोस्करांपासून. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले, आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले. ‘शाकुंतल’मध्ये दोनशेहून अधिक पदे होती, ‘सौभद्र’मध्ये शंभराहून अधिक. आजच्या वाचकाला हा आकडा अशक्य वाटेल, पण ती पदे आजच्यासारखी गायची नव्हतीच. साकी, दिंडी, अंजनीगीत, कामदा, लावणीच्या आणि कानडी पदांच्या चाली असे त्यांचे साचे होते. कीर्तन ऐकलेल्या माणसाला ते तोंडपाठ होते. दोन ओळींची साकी म्हणजे पात्राने गाऊन बोललेले वाक्य. तिने कथा पुढे सरकायची, निरोप पोहोचायचा, राग व्यक्त व्हायचा, आणि पात्र पुन्हा गद्यावर यायचे. अशी पदे एका रात्रीत शंभर झाली तरी जड होत नसत. पुढे त्यांतली कितीतरी प्रयोगांतून गळत गेली. ती गाळा असे कुणी फर्मान काढले नव्हते. ज्या पदाला वन्स मोअर आला त्याला जास्त वेळ मिळाला, आणि तो वेळ कुठून तरी काढायचा होता. तो निघाला छोट्या, कथेची ने-आण करणाऱ्या पदांतून. आज ‘सौभद्र’च्या प्रयोगात मूळच्या पदांतली मोजकीच ऐकू येतात, आणि मैफलीत तर त्यातलीही निवडक. ही निवड पिढ्यान् पिढ्यांच्या टाळ्यांनी केली आहे.

वन्स मोअर म्हणजे नेमके काय घडायचे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. पद संपत आले की गायक नट धृपदावर येतो, सम गाठतो, आणि तबलजी तिहाई बांधत असतानाच माडीवरून किंवा पिटातून आवाज उठतो. नट नमस्कार करतो आणि ऑर्गनवाल्याकडे पाहतो. ऑर्गनवाला मुखड्याचे सूर भरतो. या दोन क्षणांत नटाला ठरवायचे असते की आता काय करायचे. तेच पद तसेच म्हणायचे, की अंतऱ्यातल्या एका शब्दावर थांबून त्याला वेगळ्या बाजूने गाठायचे? चांगला गायक नट दुसरी वाट धरी. बालगंधर्वांच्या पदांना एकामागून एक वन्स मोअर येत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले, याच्या आठवणी मराठीत जागोजागी लिहिलेल्या आहेत. त्या आठवणींत एक गोष्ट सतत येते: प्रत्येक वेळी पद निराळे लागे. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असल्यावर ते निराळेपण पेलणारी माणसेही शेजारीच बसलेली असत. म्हणजे वन्स मोअर ही नुसती पुनरावृत्तीची मागणी नव्हती. अजून काय सापडते ते शोध, असे प्रेक्षक नटाला सांगत होते. खयालाची बढत जशी घडते तशीच इथे घडत होती. फरक इतकाच की पुढे जाण्याची परवानगी समोरचे हजार लोक देत होते.

या परवानगीचा दुसरा परिणामही झाला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. १९११ साली ‘मानापमान’मध्ये टेंब्यांनी ठुमरी, दादरा, कजरीच्या अंगाच्या चाली आणल्या. १९१६ साली ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतल्या बंदिशींवर पदे बांधली. नाट्यपद ही आता गाऊन बोललेली ओळ उरली नाही, ती एक संपूर्ण चीज झाली. तिला दाद मिळाली ती तानेसाठी, रागाच्या चेहऱ्यासाठी, आवाजाच्या गोडीसाठी. ‘स्वयंवर’ची नायिका रुक्मिणी कशासाठी गाते आहे, हे त्या दादेत असेलच असे राहिले नाही. मराठी संगीत याने अतोनात श्रीमंत झाले. जो माणूस कधी खयालाच्या बैठकीला गेला नसता, त्याच्या कानात यमन, भीमपलास आणि बागेश्री नाटकाने घातले. पण नाटकाने त्याची किंमत मोजली. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आले आणि नव्या नाटककारांनी पदांची संख्या हेतुपुरस्सर कमी केली, तेव्हा त्यांचा रोख या असमतोलावरच होता.

पद नाटकापासून वेगळे काढण्याचे काम मैफलीने केले असे म्हणण्याची पद्धत आहे. ते खरे नाही. पहिले वेगळे काढले ते तबकडीने. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात आलापही हवा, तानही हवी आणि शेवटही हवा. त्यामुळे ज्याने नाटक पाहिले नाही त्याच्या घरीही पद पोहोचले, पण प्रसंगाशिवाय. मग आकाशवाणीने नाट्यसंगीत हा स्वतंत्र कार्यक्रम केला. त्याच्या जोडीला बोलपट आला. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली कोल्हापुरात तयार झाला आणि त्यात हरिश्चंद्र झाले ते टेंबेच. पडद्यावरच्या नटाला वन्स मोअर देऊन उपयोग नसतो; तो पुन्हा गात नाही, आणि गायला तरी तसाच गातो. ज्या प्रेक्षकाच्या एका हाकेवर नट मागे फिरत होता, त्याला आता गप्प बसून पाहायची सवय लागली. म्हणजे पदांची मैफल रूढ होण्याआधीच पद एकटे पडले होते आणि प्रेक्षकही मुका होत चालला होता. मैफलीने या दोघांना पुन्हा एका छपराखाली आणले, हे तिचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला तेव्हा तर मैफल नाट्यपदावरचे भाष्यही होऊ शकते, हे दिसून आले.

आता आजच्या मैफलीतल्या दादेकडे पाहू. ती एकजिनसी नसते. तिच्यात निदान चार प्रकार सहज वेगळे करता येतात. पहिली टाळी ओळखीची. ऑर्गनवर मुखड्याचे पहिले सूर वाजले की सभागृहात आनंदाची लहर जाते, गायकाने तोंड उघडण्याआधीच टाळ्या होतात. ही टाळी आठवणीला असते. दुसरी टाळी कसरतीची: लांबलचक तान, एका श्वासातली सरगम, वरच्या षड्जावर ठरलेला आवाज. ही टाळी गळ्याला. तिसरी दाद टाळीची नसतेच. समेवर मान हलते, कुणाच्या तोंडून ‘वा’ निघते, एखाद्या जागेवर पुढच्या रांगेतला हात आपसूक वर जातो. ही दाद संगीताला. चौथी सर्वांत दुर्मीळ. पदातल्या शब्दावर लोक हसतात, किंवा पद संपले तरी दोन क्षण टाळी येत नाही, कारण जे घडते आहे ते अजून मनात घडतच असते. ही दाद प्रसंगाला. आपल्या मैफलींत पहिल्या दोन प्रकारांची रेलचेल असते, तिसरा जाणकारांच्या गावात भेटतो आणि चौथा जवळजवळ संपला आहे. माझी काळजी या चौथ्या दादेपुरती आहे. कारण पहिल्या तिघी कुठल्याही सुगम किंवा शास्त्रीय मैफलीत मिळू शकतात. संगीत नाटकाला स्वतःचे असे जे काही मिळायला हवे, ते फक्त चौथीत आहे.

‘शारदा’चे उदाहरण घेऊ. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात कांचनभट आपल्या कोवळ्या मुलीचे लग्न पैशासाठी भुजंगनाथ या म्हाताऱ्याशी लावायला निघाला आहे. शारदेची मैत्रीण वल्लरी त्या नवरदेवाचे वय आणि रूप यांची थट्टा करणारे एक पद म्हणते. चाल सोपी, शब्द टोकदार, तान नाहीच. मैफलीत हे पद गमतीचे म्हणून येते. एखादी खट्याळ आवाजाची गायिका ते म्हणते, लोक टाळ्यांचा ठेका धरतात, वातावरण हलके होते आणि पुढचे भारदस्त पद सुरू होते. नाटकात मात्र ही थट्टा शारदेच्या कानांवर पडते आहे. हसणारा प्रेक्षक हसता हसता तिच्याकडे पाहतो, आणि आपण कशाला हसतो आहोत हे कळून त्याचे हसू थांबते. देवलांनी संपूर्ण नाटकाचा डोलारा या थांबलेल्या हसण्यावर उभा केला आहे. त्या थट्टेनंतर शारदेच्या तोंडी भीतीचे पद आले की त्यातला कोमल स्वर ही रागाची शोभा राहत नाही, ती त्या मुलीची धडधड होते. मैफलीत थट्टेचे पद पहिल्या सत्रात आणि भीतीचे पद मध्यंतरानंतर म्हटले, की दोन्ही पदे सुरेल उरतात आणि देवल नाहीसे होतात. गायिका तीच, सूर तेच, लोकही तेच. फरक पडला तो फक्त क्रमाने आणि मधल्या पाच वाक्यांनी.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग मैफल करूच नये. नाटक करायचे तर पूर्ण करावे, अर्धवट नाही. या आक्षेपामागची तळमळ मला समजते, पण तो मान्य होत नाही. संगीत नाटकाची शक्ती नेपथ्यात कधीच नव्हती. रंगवलेल्या पडद्याला लोक अरण्य मानत, मिशा काढलेल्या पुरुषाला सुभद्रा मानत. कल्पनेचे ते काम प्रेक्षक शंभर वर्षे आनंदाने करत आले. शेले-मुकुट नसले म्हणून ते अडत नाही. परदेशातला दाखला पाहायचा तर न्यूयॉर्कच्या ‘एन्कोअर्स’ या उपक्रमाचा आहे. जुनी संगीत नाटके मोजक्या तालमींत, वाद्यवृंद रंगमंचावरच बसवून, नावापुरत्या नेपथ्यात सादर करायची, असे त्याचे स्वरूप. १९९६ साली तिथे ‘शिकागो’ झाले. त्याला इतकी दाद मिळाली की त्याच वर्षी ते ब्रॉडवेवर गेले, आणि वाद्यवृंद मंचावर ठेवून, साध्या काळ्या पोशाखांत, अनेक दशके चालले. तिथे काय राखले होते? गाण्यांचा क्रम आणि गाण्यांमधले नाटक. वस्त्रे-पडदे गेले तर चालते, प्रसंग जाऊन चालत नाही, हाच त्याचा अर्थ. आपल्याकडचा दाखला याहून जुना आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन गायक एका मंचावर येणार म्हटल्यावर लोक लोटले ते गळ्यांची तुलना करायला. पण तुलना करायची तरी ती भामिनी आणि धैर्यधर यांच्या मानापमानाच्या झगड्यातून करावी लागत होती. प्रसंग मजबूत असल्यामुळे ती चढाओढ नाटकाच्या बाहेर पडली नाही.

दुसरा आक्षेप सभ्यतेचा. वन्स मोअर ओरडणे, पदाच्या मध्येच दाद देणे हे जुनाट आणि रसभंग करणारे आहे. शांत बसून ऐकावे आणि शेवटी टाळी द्यावी, असे सांगणारे पुष्कळ आहेत. युरोपातही हा वाद झाला आहे. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीने ऑपेरातले पुन्हा गाणे बंद पाडले. १९३३ नंतर तिथे कुणी गायकाने पुन्हा म्हणून दाखवले नव्हते. २००७ साली हुआन दिएगो फ्लोरेसने प्रेक्षकांच्या आग्रहावरून एक पद पुन्हा गायले, तेव्हा ती जगभर बातमी झाली. तोस्कानिनीचा विचार चुकीचा नव्हता. लिहिलेला सूरन् सूर ठरलेला असताना तेच पुन्हा ऐकण्याने नाटक अडते. आपल्या पदात मात्र प्रत्येक वेळी नवे काही करायला जागा आहे, म्हणून आपली रीत वेगळी आणि ती वेगळीच राहावी. गप्प बसणे हे सभ्यतेचे माप असेलच असे नाही. कित्येकदा ते फक्त कंटाळ्याचे माप असते. खरी अडचण वेगळीच आहे. आज वन्स मोअर संपत चालला आहे तो घड्याळामुळे. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, नाट्यगृहाचे सत्र ठरलेले असते, आणि कार्यक्रमपत्रिकेत अठरा पदे छापलेली असतात. अठरा पदे संपवायची म्हटल्यावर एखादे पद पुन्हा घेऊन त्यात खोल जाण्याची सवड कुणालाच नसते. पदे कमी केली तर दाद परत येईल. ती मिळवण्यासाठी पदे वाढवत गेलो की ती आणखी उथळ होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे. लोकांना ओळखीचेच हवे असते, संवाद लांबला की ते चुळबुळ करतात, आयोजकाने काय करावे? याला उत्तर ‘कट्यार काळजात घुसली’ने दिले आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगभूमीवर आले, संगीत जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्यातली पदे कमालीची अवघड आहेत, तरी ती सामान्य प्रेक्षकाच्या ओठांवर बसली. कारण तिथे गाणे हाच कथेतला झगडा आहे. पंडितजी आणि खाँसाहेब यांच्यातला सामना चालू असताना प्रेक्षकाची दाद आपोआप त्या सामन्याचा भाग होते. कोण जिंकतो हे त्याला ऐकूनच ठरवायचे असते, त्यामुळे तो कान देऊन ऐकतो. २०१५ साली याच नाटकावर चित्रपट आला आणि संगीत नाटक कधीही न पाहिलेल्या मुलांनी तो डोक्यावर घेतला. त्यांना जुन्या आठवणी नव्हत्या, म्हणजे ओळखीची टाळी त्यांच्याकडून येणे शक्यच नव्हते. त्यांनी दाद दिली ती प्रसंगाला. लोकांना फक्त ओळखीचे हवे असते हे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. लोकांना आपण जे ऐकतो आहोत ते कशासाठी, हे कळायला हवे असते. ते कळले की अनोळखी पदही आपले होते.

म्हणून माझा आग्रह स्पष्ट आहे. वीस नाटकांतली वीस पदे एका माळेत ओवण्याऐवजी एका संध्याकाळी एकच नाटक घ्यावे. त्यातली आठ-दहा पदे निवडावीत, मूळ क्रमाने म्हणावीत, आणि प्रत्येक पदाआधीचा संवाद निवेदकाने सांगू नये, गायकांनी बोलावा. चार वाक्ये पुरतात. पण ती पात्राच्या तोंडून आली पाहिजेत. त्या आठ-दहांत दोन तरी साक्या-दिंड्या असाव्यात, म्हणजे कथा गाऊन कशी पुढे जाते हे कानाला कळेल. वेळ इतका मोकळा ठेवावा की एखाद्या पदाला वन्स मोअर आला तर तो देता यावा. याला मोठा खर्च नाही. हक्कांचीही अडचण नाही: लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी भारतात लेखन सर्वांसाठी खुले होते; किर्लोस्कर १८८५ साली गेले, देवल १९१६ साली, खाडिलकर १९४८ साली. कुठल्याही शाळेने, महाविद्यालयाने, तरुण मंडळाने ही नाटके उचलावीत.

वारणानगरला हे करणे इतर कुठल्याही निमशहरी गावापेक्षा सोपे आहे. वारणेच्या बालवाद्यवृंदाने हे गाव महाराष्ट्राला वाद्यांमुळेही माहीत झाले. मुलांच्या हाती वाद्य दिले की त्यांचे कान तयार होतात, आणि कान तयार झालेली मुले मोठेपणी साधी प्रेक्षक राहत नाहीत. इथे महाविद्यालय आहे, अभियांत्रिकीची मुले आहेत, एकत्र येऊन काम उभे करण्याची सहकाराची सवय आहे. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले, त्यानंतर या भागाच्या रंगभूमीची जबाबदारी एका वास्तूवर टाकून भागणार नाही, हे सर्वांना कळून चुकले आहे. मैफलीच्या रूपातला प्रयोग साध्या सभागृहातही होतो. त्याला फिरता रंगमंच लागत नाही आणि ट्रकभर सामान लागत नाही. सुरुवात ‘शारदा’ने करावी. नाटक याच नदीकाठच्या माणसाचे आहे, आणि मुलीच्या लग्नात तिची इच्छा विचारली जाते का, हा त्याचा विषय आजही जुना झालेला नाही. वल्लरीची थट्टा आणि शारदेची भीती एकामागून एक ऐकवा, मध्ये मायलेकींची चार वाक्ये बोलू द्या, आणि लोक काय करतात ते नीट पाहा.

राहिला प्रश्न आपला, म्हणजे समोर बसणाऱ्यांचा. गायक जिथे टाळी मिळते तिकडेच जातो, त्यात त्याचा दोष नाही. त्याच्यापर्यंत आपले म्हणणे पोहोचवायचे दुसरे साधन प्रेक्षकाकडे नाही. म्हणून तानेला टाळी जरूर द्यावी, पण शब्द नेमका पोहोचला तर त्यालाही द्यावी. ओळखीच्या मुखड्यावर आनंद व्हावा, पण अनोळखी साकी आवडली तर तिलाही वन्स मोअर द्यायला लाजू नये. बालगंधर्वांच्या काळच्या प्रेक्षकांनी दादेच्या जोरावर नाट्यपदाचा विस्तार केला. तोच जोर आता पदाला त्याचा प्रसंग परत मिळवून देण्यासाठी वापरता येईल. संगीत नाटक वाचवायला अनुदाने, स्पर्धा, नाट्यगृहे हे सारे लागेलच. पण त्यातले काय वाचवायचे हे ठरवणारा निर्णय समितीच्या बैठकीत होत नाही. तो खुर्चीत बसलेला माणूस पदाच्या शेवटी घेतो. तो त्याने विचार करून घ्यावा.